कासरा ते फोर्स फीडबॅक : हाताला कळणाऱ्या रस्त्याचा इतिहास

गेल्या दिवाळीत चोपड्याच्या घरी भाच्याने अभ्यासाच्या टेबलाला एक स्टेअरिंग आवळून बसवले. खाली तीन पेडल, समोर संगणकाचा पडदा आणि पडद्यावर मोटारींच्या शर्यतीचा खेळ. शेजारचे आबा फराळाला आले होते. त्यांची सगळी नोकरी एसटीच्या स्टेअरिंगवर गेलेली. भाच्याने आग्रह करून त्यांना खुर्चीत बसवले. पहिल्याच वळणावर आबांची गाडी गवतात गेली. दुसऱ्या खेपेला स्टेअरिंगने असा हिसका दिला की त्यांनी हातच काढून घेतला. पण पाच-सात फेऱ्यांनंतर गाडी रस्त्यावर राहू लागली. उठताना आबा एवढेच म्हणाले, "हातले समजस, पन बुडले काहीच समजत नही."

अहिराणीतले हे वाक्य माझ्या डोक्यातून गेले नाही. हाताला नेमके काय समजते? ते यंत्रात कुणी, कशासाठी घातले? आणि जे बुडाला समजत नाही, त्याचे मोल किती? खेळण्याच्या दुकानात मिळणाऱ्या या वस्तूमागे शे-सव्वाशे वर्षांचा इतिहास आहे, आणि त्याची सुरुवात खेळापासून होत नाही.

कासऱ्याचे बोलणे

गाडी हाकणारा शेतकरी कासरा ताणूनही धरत नाही आणि ढिलाही सोडत नाही. बैलाने मान टाकली, बुजून कान टवकारले, चाक खड्ड्यात उतरले, की ते डोळ्याला दिसण्याआधी कासऱ्यातून बोटांना कळते. कासऱ्यातून हुकूम जातो, आणि त्याच कासऱ्यातून उत्तरही येते. शरीरातल्या या जाणिवेला शास्त्रात नाव फार उशिरा मिळाले. १८२६ मध्ये चार्ल्स बेल या शरीरशास्त्रज्ञाने स्नायूंना स्वतःची एक संवेदना असते, असे मांडले. १९०६ मध्ये चार्ल्स शेरिंग्टन यांनी तिला 'प्रोप्रिओसेप्शन' म्हटले. आपले हातपाय कुठे आहेत आणि त्यांच्यावर किती जोर येतो आहे, हे न बघता कळणे, असा त्याचा साधा अर्थ.

मोटार आली तेव्हा सुरुवातीच्या कित्येक गाड्यांना वळवण्यासाठी नावेच्या सुकाणूसारखा दांडा होता. १८९४ च्या पॅरिस ते रुआं या शर्यतीत आल्फ्रेड वाशेराँ यांनी आपल्या पानार गाडीला दांड्याऐवजी गोल चाक बसवले. पुढच्या काही वर्षांत ते सगळीकडे रूढ झाले. कासऱ्याची जागा स्टेअरिंगने घेतली, पण दुहेरी संवाद तसाच राहिला.

तो का राहिला, याचे उत्तर टायरमध्ये आहे. मोटारीच्या पुढच्या चाकांचा वळण्याचा आस थोडा कललेला असतो. त्यामुळे चाक जमिनीला टेकते ती जागा आसाच्या किंचित मागे राहते. सामानाच्या ट्रॉलीचे लहान चाक ढकलल्यावर आपोआप सरळ होते, तसेच इथेही होते. शिवाय वळताना टायरचे रबर जमिनीशी पिळले जाते. त्याचा बाजूचा जोर टायरच्या मध्यावर न पडता थोडा मागे पडतो आणि चाकाला सरळ करू पाहतो. वळण घेताना स्टेअरिंग जड लागते आणि हात सैल केला की परत फिरते, ते या दोन कारणांनी.

यातली खुबी पुढेच आहे. टायरची पकड संपत आली की मागे पडणारा तो जोर मध्याकडे सरकतो. म्हणजे टायर पूर्ण सुटण्याच्या थोडे आधीच स्टेअरिंग हलके होते. ओल्या रस्त्यावर जुना चालक 'हात हलका झाला' म्हणून वेग कमी करतो, तेव्हा तो हीच सूचना वाचत असतो.

जोर कमी झाला, बोलणेही कमी झाले

१ जून १९४८ रोजी पुणे–अहमदनगर मार्गावर एसटीची पहिली बस धावली. नंतरची कित्येक दशके एसटी चालवणे म्हणजे दंडाचे काम होते. जळगावहून विदगावचा तापीवरचा पूल ओलांडून धानोरा, अडावद करत चोपड्याला येणारी भरलेली गाडी स्थानकात वळवताना चालक सीटवरून अर्धा उठत असे. आबांच्या मनगटांची जाडी त्या वळणांतून आलेली आहे. कष्ट मोठे होते, पण रस्त्याचा प्रत्येक खडा हातापर्यंत पोचत होता.

हे कष्ट कमी करण्याचा उपाय अमेरिकेत आधीच निघाला होता. फ्रान्सिस डेव्हिस यांनी १९२६ मध्ये तेलाच्या दाबावर चालणारे पॉवर स्टेअरिंग गाडीवर बसवून दाखवले. विक्रीच्या मोटारीत ते १९५१ च्या क्रायस्लर इम्पीरियलमध्ये आले. १९८८ मध्ये सुझुकीने सर्व्हो या छोट्या गाडीत तेलाऐवजी विजेची मोटर वापरली. आपल्याकडे १९८३ मध्ये आलेल्या मारुती ८०० ला पॉवर स्टेअरिंग नव्हते. आज ते साध्या गाडीतही असते. एका बोटाने चाक फिरू लागले, तसा रस्त्याचा आवाज हाताला कमी येऊ लागला. सोय आणि जाणीव यांचा हा सौदा होता, आणि तो बहुतेकांना परवडला.

किरणोत्सर्गी पदार्थ आणि यांत्रिक हात

त्याच सुमारास अगदी वेगळ्या ठिकाणी उलटा प्रवास सुरू होता. दुसऱ्या महायुद्धानंतर शिकागोजवळच्या आर्गॉन प्रयोगशाळेत रेमंड गोर्ट्झ यांच्यापुढे प्रश्न होता, की जाड भिंतीपलीकडचे किरणोत्सर्गी पदार्थ माणसाने कसे हाताळायचे? त्यांनी जोडीचे यांत्रिक हात केले. अलीकडे माणूस जो हात हलवेल, तशी पलीकडच्या हाताची हालचाल. १९५४ च्या सुमारास हे हात तारांऐवजी विजेवर चालू लागले. तेव्हा एक अडचण उघड झाली. पलीकडे काचेची नळी पकडली की लोखंडाचा ठोकळा, हे अलीकडच्या हाताला कळलेच नाही तर नळी फुटणार. म्हणून पलीकडे लागणारा जोर मोजून, तेवढाच जोर मोटरने अलीकडच्या हातावर द्यायचा, अशी योजना झाली. फोर्स फीडबॅकचे तत्त्व ते हेच. सूचना जाते त्याच वाटेने जोर परत येतो.

शिकवण्यासाठी खोटे वाहन वापरण्याची कल्पना त्याहून जुनी. एडविन लिंक या अमेरिकन तरुणाने १९२९ मध्ये वैमानिकांच्या सरावासाठी खोलीतले विमान बनवले. त्याच्या घरचा धंदा वाद्ये बनवण्याचा. ऑर्गनचे भाते वापरूनच त्याने ते विमान झुलवले. म्हणजे लिंकच्या यंत्रात बुडाला कळत होते आणि गोर्ट्झच्या यंत्रात हाताला. या दोन वाटा पुढे खेळात एकत्र यायच्या होत्या, पण त्यातली एकच घरापर्यंत पोचली.

नाण्याचा खेळ

१९७६ मध्ये सेगा कंपनीच्या मोटारसायकलच्या खेळात टक्कर झाली की हँडल थरथरत असे. हे थरथरणे म्हणजे नुसती सूचना. रस्त्याशी त्याचा संबंध नव्हता. खरी उडी १९८९ मध्ये अटारी गेम्सच्या 'हार्ड ड्रायव्हिन' या खेळाने मारली. त्यात किल्ली फिरवून गाडी सुरू करायची, क्लच दाबून गिअर टाकायचा, आणि स्टेअरिंगवर मोटरचा उलटा जोर यायचा. गाडीच्या हालचालीचे गणित बसवण्यासाठी अटारीने डग मिलिकन यांची मदत घेतली. शर्यतीच्या गाड्यांच्या गतिशास्त्रावरचा आज प्रमाण मानला जाणारा ग्रंथ त्यांनी वडील विल्यम मिलिकन यांच्यासह १९९५ मध्ये लिहिला. नाणे टाकून खेळायच्या पेटीमागे असा अभ्यास होता.

हे चाक टेबलावर यायला आणखी दहा वर्षे लागली. १९९८ मध्ये मायक्रोसॉफ्टने साइडवाइंडर हे घरगुती फोर्स फीडबॅक चाक आणले. २००१ मध्ये प्लेस्टेशन २ वरच्या 'ग्रान टुरिस्मो ३' सोबत लॉजिटेकचे चाक आले. त्याच कंपनीच्या ड्रायव्हिंग फोर्स प्रोमध्ये चाक खऱ्या मोटारीसारखे ९०० अंश, म्हणजे अडीच वेढे फिरू लागले. या चाकांत मोटरचा जोर दातेरी चक्रांतून येई; काहींनी पट्टा वापरला. अलीकडे मोटरच्या दांड्यावर थेट स्टेअरिंग बसवतात, त्याला डायरेक्ट ड्राइव्ह म्हणतात. मध्ये काही नसल्याने बारीक थरथरही विरून जात नाही.

जोर न्यूटन-मीटरमध्ये मोजतात. एक मीटर लांब दांडीच्या टोकाला शंभर ग्रॅमचे वजन टांगले, तर साधारण एक न्यूटन-मीटर. घराघरांत दिसणारी लॉजिटेक जी २९ सारखी चाके दोनच्या आसपास जोर देतात. २०२२ मध्ये आलेले लॉजिटेकचे डायरेक्ट ड्राइव्ह चाक ११ पर्यंत जाते. हा दुसरा आकडा म्हणजे चाकाच्या कडेवर सुमारे साडेसात किलोचा ओढा. तिथे अंगठा आऱ्यात अडकला तर दुखापत होते.

शिकायचे काय?

चाक नवे घेतले की जो तो आधी जोर शंभर टक्के करतो. भाच्यानेही तेच केले होते. पहिली चूक तीच. खेळाने मागितलेला जोर मोटरच्या ताकदीबाहेर गेला की वरचा सगळा भाग कापला जातो. लाऊडस्पीकरचा आवाज फार वाढवला की गाणे फाटते, तसेच. मग मोठे वळण, त्याहून मोठे वळण आणि खड्डा, सगळे हाताला सारखेच लागते. जोर कमी केला, तर बारीक फरक पुन्हा कळू लागतात. ताकद वाढवून माहिती वाढत नाही, हे नवशिक्याला पटायला आठवडा लागतो.

दुसरी गोष्ट पकडीची. घाबरलेला हात चाक आवळतो, आणि आवळलेल्या हाताला काही कळत नाही. मागची चाके घसरली की खऱ्या मोटारीत पुढची चाके आपणहून घसरणीच्या दिशेला वळू पाहतात. फोर्स फीडबॅकचे चाकही तसेच फिरते. इथे त्याच्याशी झटायचे नसते. त्याला बोटांतून फिरू द्यायचे आणि योग्य जागी थांबवायचे. आबांनी हात काढून घेतला तो नेमका याच क्षणी. नंतर त्यांनी हात ठेवला, पण सैल. ते कुणी सांगावे लागले नाही.

तिसरी गोष्ट हलकेपणाची. पुढचे टायर सुटू लागले की चाक हलके होते, आणि नवशिका नेमके तेव्हा आणखी वळवतो. करायचे उलटे असते. थोडे सरळ करायचे, वेग उतरू द्यायचा. ज्याला हे हाताने कळले, त्याला टायरचे अर्धे शास्त्र कळले.

बुडाला न कळणारे

अशा शिकण्याचा खऱ्या रस्त्यावर उपयोग होतो का? निसान आणि सोनी यांनी २००८ पासून खेळातून शर्यतीचे चालक निवडण्याचा उपक्रम चालवला. पहिला विजेता, स्पेनचा लुकास ओर्डोनेझ, २०११ मध्ये ल माँच्या चोवीस तासांच्या शर्यतीत आपल्या गटात दुसरा आला. २०११ चा विजेता, ब्रिटनचा यान मार्डनबरो, २०१३ मध्ये तिथेच गटात तिसरा आला. ज्यांना लहानपणी कार्टिंगचा खर्च झेपला नाही, त्यांना एक दार उघडले, हे नाकारता येणार नाही. आपल्या देशात शर्यतीचे कायमचे मार्ग चेन्नई, कोइमतूर, ग्रेटर नोएडा अशा मोजक्याच जागी आहेत. खानदेशातल्या मुलाला ते टेबलावरच भेटतात. मार्च २०२० मध्ये टाळेबंदीने फॉर्म्युला १ च्या शर्यती थांबल्या, तेव्हा खुद्द तिथले काही चालकही घरी अशाच चाकांवर धावले.

पण त्याच मार्डनबरोची मोटार २८ मार्च २०१५ रोजी जर्मनीत न्युर्बुर्गरिंगवर एका चढावर हवेत उचलली गेली आणि कुंपणापलीकडे पडली. एका प्रेक्षकाचा मृत्यू झाला. खेळात अशा वेळी एक बटण दाबून गाडी पुन्हा रस्त्यावर येते. त्या चाकातून जोर येतो, भय येत नाही. मोटार घसरताना सीट आधी सांगते, मग स्टेअरिंग. अंग एका बाजूला ओढले जाते, पोटात कालवते. टेबलावरच्या चाकात यातले काहीच नाही. आबांच्या वाक्याचा हा अर्थ मला लिहिता लिहिता उलगडला. लिंकच्या भात्यांची वाट घरापर्यंत आलेली नाही, ती हीच.

इतिहासाने मात्र एक गंमत केली आहे. २०१३ मध्ये इन्फिनिटीने क्यू ५० या मोटारीत स्टेअरिंग आणि चाके तारेने जोडली. लोखंडी दांडा फक्त तार बिघडली तर, म्हणून ठेवला. २०२३ च्या टेस्ला सायबरट्रकमध्ये तोही नाही. अशा मोटारीत रस्त्याचा जोर हातापर्यंत आपोआप येतच नाही. स्टेअरिंगमागची मोटर तो बनवून देते. म्हणजे खेळण्याने मोटारीची नक्कल केली आणि आता मोटार खेळण्याची करते आहे. उद्याच्या चालकाच्या हाताला काय कळावे, हे कुणीतरी गणित मांडून ठरवणार आहे. ओल्या रस्त्यावरचे ते हलकेपण त्यात ठेवायचे की गुळगुळीत करून टाकायचे, हा प्रश्न तेव्हा खेळाचा राहणार नाही.

भाचा यंदा अठरा पूर्ण करतो आहे. लर्निंग लायसन्स आले की आबा त्याला शिकवणार, असे ठरले आहे. आधी मोकळ्या मैदानात, तेही पॉवर स्टेअरिंग नसलेल्या एका जुन्या मारुतीवर. आबांची अट एकच आहे : पहिले आठ दिवस गाणी बंद.