पांढरेपणाची किंमत



महिन्याच्या पहिल्या आठवड्यांत वाण्याच्या दुकानीं जाणाऱ्या बेताच्या मिळकतीच्या गृहस्थापुढें एकच प्रश्न उभा असतो. हातांतले पैसे ठरलेले, घरांतलीं तोंडें ठरलेलीं. तेव्हां नुसतें पोट भरेल असें घ्यावें, कीं अंगीं लागेल असें घ्यावें? पुष्कळांची अशी समजूत होऊन बसली आहे कीं, स्वस्त अन्न निकस आणि सकस अन्न महाग, हा जणूं सृष्टीचाच नियम आहे. इतिहासाकडे पाहिलें तर निराळेंच दिसतें. गेल्या दीडशें वर्षांत माणसानें जें प्रतिष्ठेचें म्हणून अधिक मोल देऊन घेतलें, त्यांतूनच अनेक वेळां सत्त्व काढून टाकलेलें होतें. आणि जें हलकें म्हणून हिणवलें, त्यांत तें शिल्लक होतें. हा इतिहास आज थोडक्यांत सांगावयाचा आहे, कारण आपल्या घरखर्चाशीं त्याचा निकटचा संबंध आहे.

प्रथम धान्याचा दाणा कसा असतो तें पाहूं. तांदूळ घ्या, गहूं घ्या, कीं बाजरी घ्या. दाण्याचे भाग तीनच. बाहेर कोंड्याचें आवरण, एका टोकाला अंकुर, आणि आंत पिठूळ गर. गरांत मुख्यतः पिष्ट असतें. तें काम करण्याची शक्ति देतें. परंतु तेल, क्षार आणि 'ब' वर्गांतील जीवनसत्त्वें यांचा मोठा वांटा कोंड्यांत व अंकुरांत असतो. उखळांत कांडलेल्या तांदळावर या आवरणाचा बराच अंश राहत असे; जात्यावर दळलेल्या पिठांत तर अवघा दाणाच उतरत असे. गरिबाच्या घरीं हें कांहीं ज्ञानपूर्वक होत नव्हतें. धान्य वाया घालविणें परवडत नव्हतें, इतकाच त्याचा अर्थ होता.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत आग्नेय आशियांत वाफेवर चालणाऱ्या भाताच्या गिरण्या पसरल्या, आणि त्याच सुमारास यूरोपांत पोलादी रुळांच्या पिठाच्या गिरण्या आल्या. दोहोंचें काम एकच: कोंडा व अंकुर दूर करून शुभ्र माल तयार करणें. हा माल दिसावयास सुंदर व खावयास मऊ. परंतु व्यापाऱ्याच्या दृष्टीनें त्याचा सर्वांत मोठा गुण म्हणजे तो टिकाऊ होता. कोंड्यांत आणि अंकुरांत जें तेल असतें, तें हवेनें खवट होतें. तें तेल गेलें म्हणजे माल महिनेच्या महिने गुदामांत पडून राहिला तरी बिघडत नाहीं. हें कारण श्रोत्यांनीं ध्यानांत ठेवावें. पुढें तें उपयोगीं पडणार आहे.

याच काळांत डच लोकांच्या ताब्यांतील जावा बेटांत बेरीबेरी हा रोग बळावला. रोग्याचे पाय बधिर व दुबळे होत, कित्येकांचें अंग सुजे, आणि शेवटीं हृदय बंद पडून मृत्यु येई. हा रोग एकाद्या जंतूमुळें होत असावा, अशा समजुतीनें १८८६ सालीं डच सरकारनें तज्ज्ञांचें एक मंडळ तेथें पाठविलें. त्या मंडळाबरोबर आलेले डॉक्टर क्रिस्तियान आइकमन हे पुढें तेथेंच संशोधन करीत राहिले. एके वर्षीं त्यांच्या प्रयोगशाळेंतील कोंबड्यांनाच बेरीबेरीसारखा विकार जडला, आणि कांहीं महिन्यांनीं तो जसा आला तसा नाहींसा झाला. चौकशी करतां असें आढळलें कीं, मधल्या काळांत त्या कोंबड्यांना इस्पितळाच्या स्वयंपाकघरांत उरलेला पांढरा भात घालीत असत. नवा आचारी आला. त्यानें तो भात देण्याचें बंद केलें. आणि कोंड्यासकट असलेला साधा तांदूळ मिळूं लागतांच कोंबड्या पूर्ववत् चालूं लागल्या.

यावर विश्वास बसणें सोपें नव्हतें. म्हणून १८९७ च्या सुमारास आडोल्फ फोर्डरमन नांवाच्या डॉक्टरांनीं जावांतील सुमारें १०० तुरुंगांची पाहणी केली. ज्या तुरुंगांत कैद्यांना गिरणीचा पांढरा तांदूळ मिळे, तेथें बेरीबेरीचे रोगी पुष्कळ. जेथें कोंड्यासकट तांदूळ मिळे, तेथें जवळजवळ नाहींत. १९०१ सालीं गेरिट ग्राइन्स यांनीं त्याचा खरा अर्थ लावला: अन्नांत कांहीं विषारी आहे म्हणून हा रोग होत नाहीं; अन्नांत कांहीं आवश्यक द्रव्य उणें आहे म्हणून होतो. त्या द्रव्याची रासायनिक घडण उलगडून तें कृत्रिम रीतीनें तयार करण्याचें काम रॉबर्ट विल्यम्स यांनीं १९३६ सालीं तडीस नेलें. या विल्यम्स यांचा जन्म आपल्याच देशांत, नेल्लोर येथें झालेला होता. आइकमन यांस १९२९ सालीं नोबेल पारितोषिक मिळालें. कैद्यांच्या ताटांतून जो कोंडा काढून टाकला होता, त्यांतच त्यांचे प्राण होते, हें सिद्ध व्हावयास इतकीं वर्षें लागलीं.

आतां आपल्या देशाकडे वळूं. निलगिरीवरील कुन्नूर येथें रॉबर्ट मॅकॅरिसन या डॉक्टरांनीं पहिल्या महायुद्धानंतर आहाराच्या संशोधनास प्रारंभ केला. भारतांत बेरीबेरी मुख्यतः आंध्राच्या किनाऱ्यावर आढळे. तेथें गिरणींत सडलेला कच्चा तांदूळ खाण्याची चाल होती. उलट जेथें भात आधीं उकडून, वाळवून मग सडतात, तेथें हा रोग क्वचितच दिसे. उकडतांना कोंड्यांतील जीवनसत्त्व दाण्याच्या आंत शिरतें, आणि मग सडतांना तें सगळें निघून जात नाहीं. कोंकणांतील व गोव्यांतील आपला उकडा तांदूळ तो हाच. शहरांतला पाहुणा त्या जाड्या, तांबूस भाताला नाक मुरडतो. पण त्याच भातानें कित्येक पिढ्यांना या रोगापासून दूर ठेवलें.

मॅकॅरिसन यांनीं दुसरा एक प्रयोग केला, तो आपल्यास विशेष मनोरंजक वाटेल. भारतांतील निरनिराळ्या लोकांचा नेहमींचा आहार त्यांनीं उंदरांच्या निरनिराळ्या गटांना घातला, आणि त्यांची वाढ ताडून पाहिली. शीख लोकांचा आहार पहिला आला, पठाणांचा दुसरा, आणि मराठ्यांचा तिसरा. सडीक तांदळावर भिस्त असलेले बंगाल व मद्रास येथील आहार शेवटीं राहिले. शिखांच्या आहारांत अवघ्या गव्हाची पोळी, डाळ, दूध व कच्च्या भाज्या होत्या. यांतून दोन गोष्टी निघतात. एक, अवघें धान्य हा आहाराचा पाया होय. दुसरी, नुसत्या पायावर घर उभें राहत नाहीं. डाळ, भाजीपाला आणि थोडेंबहुत दूध यांची जोड त्याला हवीच.

१९३४ सालाच्या अखेरीस वर्धा येथें गांधीजींच्या प्रेरणेनें अखिल भारत ग्रामोद्योग संघ स्थापन झाला, आणि जे. सी. कुमारप्पा यांनीं त्याचें काम पाहिलें. हातसडीचा तांदूळ, हातदळाचें पीठ व गूळ यांचा संघानें मोठा पुरस्कार केला. त्यांत आरोग्य व खेड्यांतील रोजगार हे दोन्ही हेतु होते. परंतु येथें एक गोष्ट प्रांजळपणें सांगितली पाहिजे. जातें आणि मुसळ यांचें कौतुक करणाऱ्या पुरुषांनीं तें ओढण्याचे कष्ट क्वचितच केले. पहांटेच्या अंधारांत उठून दळणारी स्त्री दमून जात असे. गिरणीनें तिच्या खांद्यावरचें ओझें उतरविलें, हें गिरणीचे उपकारच होत. तेव्हां प्रश्न गिरणी नको असा नाहीं. गिरणींतून अवघा दाणा बाहेर यावा, कीं त्यांतला अर्धा गुण काढून टाकून यावा, एवढाच प्रश्न आहे. आपल्या गल्लींतली पिठाची चक्की अवघा दाणा दळते. त्यांतला कोंडा बाहेर जातो तो घरीं आल्यावर, आपल्याच चाळणींतून.

पुढें दुसरें महायुद्ध आलें. २ मे १९४३ रोजीं मुंबईंत धान्याचें रेशन सुरू झालें. तांदळाचा तुटवडा असल्यामुळें भात खाणाऱ्या कुटुंबांनाहि इतर धान्य घेऊन भागवावें लागलें. नावडतें धान्य रांगेंत उभें राहून घ्यावें लागलें, म्हणून तें अधिकच नावडतें झालें. हाच प्रकार १९७२ च्या दुष्काळांतहि घडला. परदेशांतून आलेली मिलो नांवाची तांबडी ज्वारी महाराष्ट्रानें त्या वेळीं खाल्ली, आणि दुष्काळी कामांवर सुकडी खाल्ली. माझ्या वयाच्या माणसांच्या मनांत तांबडी भाकर आणि दैन्य यांची सांगड तेव्हांच बसली. दिवस पालटतांच लोक गव्हाच्या पोळीकडे व पांढऱ्या भाताकडे वळले, यांत आश्चर्य नाहीं. माणूस धान्याबरोबर त्याची आठवणहि खात असतो.

या सर्व काळांत एका महाराष्ट्रीय विदुषीचें कार्य चालूं होतें, त्याचा उल्लेख केल्यावांचून पुढें जाणें योग्य होणार नाहीं. कमला सोहोनी, पूर्वाश्रमीच्या भागवत, यांना बंगलोरच्या विज्ञानसंस्थेंत १९३३ सालीं केवळ स्त्री म्हणून प्रथम प्रवेश नाकारण्यांत आला होता. त्यांनीं हट्ट धरून तो मिळविला, आणि तेथें दूध व कडधान्यें यांतील प्रथिनांचा अभ्यास केला. १९३९ सालीं केंब्रिजची डॉक्टरेट मिळवून त्या कुन्नूरच्या आहारसंशोधनशाळेंत आल्या. पुढें मुंबईच्या विज्ञानसंस्थेंत त्यांनीं व त्यांच्या विद्यार्थ्यांनीं कडधान्यांवरील काम चालविलें. गरिबाला मांस, अंडीं व दूध परवडत नाहीं. त्याच्या प्रथिनांचा आधार डाळ व उसळ हाच, हें जाणून केलेलें हें शास्त्र होतें. १९६६ सालीं मुंबईंत ग्राहकांच्या मार्गदर्शनासाठीं संस्था निघाली, तींतहि त्यांनीं भाग घेतला, आणि भेसळ कशी ओळखावी हें सामान्य गृहिणीला शिकविलें. प्रयोगशाळेंतून निघून वाण्याच्या दुकानापर्यंत आलेली अशी विद्वत्ता आपल्याकडे विरळाच.

आतां अगदीं अलीकडची गोष्ट. २०१३ सालीं राष्ट्रीय अन्नसुरक्षा कायदा झाला. त्यांत तांदूळ ३ रुपये, गहूं २ रुपये, आणि ज्वारी, बाजरी, नाचणी ही 'भरड धान्यें' १ रुपया किलो असा भाव ठरला. १ जानेवारी २०२३ पासून हें धान्य फुकट मिळूं लागलें. परंतु तो क्रम फार बोलका आहे. कायद्यानेंहि पांढऱ्यास वरचें मोल आणि भरडास खालचें मोल दिलें. इकडे २०१८ सालीं केंद्र सरकारनें याच धान्यांना पौष्टिक धान्यें असें नांव दिलें, आणि संयुक्त राष्ट्रांनीं भारताच्या सूचनेवरून २०२३ हें त्यांचें आंतरराष्ट्रीय वर्ष म्हणून पाळलें. झालें! शहरांतील दुकानांत नाचणीचीं बिस्किटें व रंगीत पुड्यांतलीं पिठें आलीं, आणि कालचें गरिबाचें अन्न आज त्याच्याच आवाक्याबाहेर जाऊं लागलें. पूर्वीं सत्त्व काढून टाकण्यासाठीं पैसे पडत. आतां सत्त्व राखल्याबद्दल पैसे पडतात!

यांतून वाट कोणती? ती या इतिहासांतच आहे. पिठांतील व कोंड्यांतील तेल खवट होतें, हें आपण पाहिलें. म्हणूनच दुकानदाराला अवघ्या धान्याचें पीठ राखणें जड जातें, आणि त्याचा बोजा भावावर पडतो. परंतु न दळलेला दाणा नीट वाळवून, कडुनिंबाचा पाला घालून ठेवला तर वर्षभर टिकतो. तेव्हां पहिला नियम असा: पुडीचें पीठ घेऊं नये, दाणे घ्यावे, तेहि सुगीला, जेव्हां भाव उतरलेले असतात. एकट्याला पोतें परवडत नसेल तर दोन-चार शेजाऱ्यांनीं मिळून घ्यावें. दळण थोडथोडें न्यावें. बाजरीचें तर आठवड्यापुरतेंच. आणि पीठ चाळावयाचें तर कचरा काढण्यापुरतें; कोंडा टाकण्यासाठीं नव्हे.

दुसरा नियम जोडीचा. धान्याच्या प्रथिनांत जें उणें असतें तें डाळींत असतें, आणि डाळींत जें उणें असतें तें धान्यांत. भाकरी आणि पिठलें, भात आणि वरण, या जोड्या आजींनीं शास्त्र न वाचतां जमविल्या. १०० ग्रॅम मटकींत किंवा कुळथांत २० ग्रॅमच्या आसपास प्रथिनें असतात. मटकीला मोड आणले म्हणजे त्यांत 'क' जीवनसत्त्वहि उत्पन्न होतें, आणि त्यासाठीं पाण्यावांचून दुसरा खर्च नाहीं. १०० ग्रॅम नाचणींत सुमारें ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम असतें; तितक्याच पांढऱ्या तांदळांत तें अवघें १० च्या घरांत. ज्या घरांत मुलांना दूध पुरेसें मिळत नाहीं, त्या घरानें नाचणीची आंबील विसरूं नये.

तिसरा नियम, विकत घेतलेलें फेकूं नये. मुळ्याचा पाला, नवलकोलाचीं पानें, शेवग्याचा पाला, हीं भाजीच होत. तांदूळ चार-चार वेळां चोळून धुणें आणि वरचें पाणी ओतून देणें म्हणजे जावाच्या गिरणीचें उरलेलें काम आपण घरीं पुरें करणें होय. पेज पिणारा कोंकणी शेतकरी या बाबतींत आपल्याहून शहाणा ठरला.

श्रोतेहो, मुलांना सनावळ्या शिकवितांना मला नेहमीं वाटे कीं, राजेरजवाड्यांच्या लढायांइतकाच धान्याच्या दाण्याचा इतिहास महत्त्वाचा आहे; कारण तो आपल्या ताटांत रोज घडत असतो. दुकानांत दोन धान्यांचे भाव विचारतांना यापुढें आणखी एक प्रश्न मनाशीं विचारावा: या किंमतींत अन्नाचे पैसे किती, आणि पांढरेपणाचे किती? ज्याला हा हिशेब करतां आला, त्याच्या थोड्या पैशांतहि घरच्या मुलांचीं हाडें मजबूत होतील.