अंगणातली शहाबादी

सोलापूर काळ्या दगडावर वसलेलं शहर आहे. कुठेही खणा, काळी माती संपली की मुरूम लागतो आणि मुरमाखाली बसाल्ट. तरी इथल्या जुन्या घरांत फाटकापासून उंबऱ्यापर्यंत जी दगडी वाट दिसते, तिच्यात हा काळा दगड क्वचितच असतो. तिथे असते करडी-निळसर शहाबादी फरशी, कलबुर्गीच्या पलीकडून आलेली. पायाखाली एवढा दगड असताना तो बाहेरून का आणावा लागला, हे समजून घ्यायचं तर आधी दोन्ही दगडांचे स्वभाव पाहायला हवेत.

बसाल्ट हा लाव्ह्याचा दगड. तो एकसंध थिजतो. त्याची सपाट फरशी निघत नाही, ती घडवावी लागते. पहारीने आणि घणाने दगड सुटा करायचा, मग छिन्नी-हातोड्याने एकेक तोंड काढायचं. सोलापूरच्या भुईकोट किल्ल्याच्या तटात ही मेहनत दिसते. 1613 मध्ये इब्राहिम आदिलशाहाच्या काळात नळदुर्गला बोरी नदीवर बांधलेल्या पाणीमहालात तर ती थक्क करते. पण अशी मजुरी देवळाला परवडे, राजाला परवडे. साध्या घरात काळा दगड जोत्याला, पायरीला आणि विहिरीच्या कठड्याला लागे. जातं आणि पाटा-वरवंटाही त्याचेच. अंगण मात्र मातीचंच. उन्हाळ्यात सडा-सारवणाने ते छान बसायचं. पावसाळ्यात काळी माती पायाला चिकटू लागली की फाटकापासून पायरीपर्यंत ढांगेढांगेवर ओबडधोबड धोंडे टाकले जात. घरच्या दगडी वाटेचा मूळ पुरुष मी या धोंड्यांनाच मानतो. ते फोडून आणणारे हात बहुतेकदा वडारांचे. दगड आणि माती यांच्या कामावर पिढ्यान्‌पिढ्या जगलेल्या या समाजाशिवाय या भागातली एकही जुनी भिंत उभी राहिली नसती, पण त्यांची नावं कुठल्याच भिंतीवर नाहीत.

शहाबादचा दगड वेगळा. तो चुनखडीचा. कधीकाळी पाण्याखाली थरावर थर साचत तो तयार झाला, म्हणून बरोबर जागी पाचर बसली की भाकरीचा पापुद्रा सुटावा तसा थर सुटतो. निसर्गानेच दोन्ही बाजू जवळपास सपाट करून ठेवलेल्या. माणसाने फक्त कडा तोडायच्या. हा दगड लाव्ह्यापेक्षा कितीतरी जुना आहे. दख्खनच्या काळ्या दगडाची चादर कलबुर्गीच्या आसपास संपते आणि तिच्याखालून तो वर येतो. रॉबर्ट ब्रूस फूट या भूवैज्ञानिकाने 1876 च्या आपल्या ग्रंथात या खडकांचं वर्णन केलं. शास्त्रात त्यांना भीमेचंच नाव आहे, आणि पंढरपूरला चंद्रभागा होणारी नदी तीच. सोलापूर आणि शहाबादचे मुलूख याच नदीने जोडलेले, पण नदीतून दगड वाहून आणता येत नव्हता.

ते काम रेल्वेने केलं. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे 1860 मध्ये सोलापूरला पोचली आणि 1871 मध्ये रायचूरपर्यंत गेली. शहाबाद याच रुळावर, निजामाच्या मुलखात. बैलगाडीने आणायला महाग पडणारा माल आता वाघिणीत भरून थेट गावात येऊ लागला. पुढे 1877 मध्ये सोलापुरात ‘जुनी मिल’ म्हणून ओळखली जाणारी कापडगिरणी सुरू झाली, गिरण्यांचं शहर वाढलं, आणि त्या वाढत्या शहराला शेणाने सारवावी न लागणारी, धुता येणारी, स्वस्त जमीन हवी होती. शहाबादी आली ती माजघरात, सोप्यात, न्हाणीत, शाळेच्या व्हरांड्यात. 1956 च्या राज्यपुनर्रचनेत शहाबाद तेव्हाच्या म्हैसूर राज्यात गेलं, तरी फरशीचा प्रवाह थांबला नाही.

मग मोझॅक आलं, कोटा फरशी आली, आणि शेवटी चकचकीत व्हिट्रिफाइड टाइल्स. शहाबादी घरातून उखडली गेली. पण ती टाकवेना. पिढ्यांच्या पावलांनी गुळगुळीत झालेली ती फरशी अंगणात आली, तुळशीभोवती बसली, बागेतली वाट झाली. जुना वाडा पाडताना ती कचऱ्यात जाते तेव्हा मला खरोखर वाईट वाटतं, कारण तशी फरशी खाणीतून मिळत नाही, ती वापरानेच तयार होते.

आता कुणाला घरी अशी वाट करायची असेल तर खरा प्रश्न फरशीचा नाही, तिच्याखालच्या मातीचा आहे. काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसून भेगाळते. तिच्यावर थेट बसवलेली फरशी दोन पावसाळ्यांत डुगडुगू लागते. म्हणून वीतभर माती काढावी, खोल काळी जमीन असेल तर फूटभर. मुरूम दोन-तीन थरांत पाणी मारून धुमसावा, वर दोन बोटं खडीची कच पसरावी, आणि त्यावर फरशी लाकडी हातोड्याने ठोकून बसवावी. बाहेरच्या वाटेला दीड-दोन इंच जाडीची, खडबडीत फरशी बरी; पॉलिश केलेली पावसात घसरवते. सांध्यांत सिमेंट भरू नये, असं माझं ठाम मत आहे. सोलापुरात पाऊस तसा कमीच पडतो. तो सांध्यांतून जमिनीत उतरू द्यावा. सांध्यात कच भरली तरी पुरते आणि एखादी फरशी खचली तर उचलून पुन्हा बसवता येते. घराकडून बाहेर फुटामागे पाव इंच उतार ठेवावा. डाग निघावेत म्हणून ॲसिड मात्र कधीच ओतू नये. हा चुनखडीचा दगड आहे, ॲसिडने फेस येतो आणि त्याचा पृष्ठभाग खाल्ला जातो. नारळाच्या शेंडीने घासून साध्या पाण्याने धुतलं की पुरे.