वखारीचे भाडे आणि हमालाची पाठ

धान्याच्या घाऊक व्यापाराचा इतिहास सांगताना पेढ्यांचा आणि तेजीमंदीचा उल्लेख होतो. वखारीचा सहसा होत नाही. आम्ही हमालांच्या संघटनेत वाढलेली माणसे. आम्हांला हा इतिहास वखारीच्या दारातूनच दिसतो.

मुंबईच्या मशीद बंदर भागाला गोदी जवळ, रेल्वेही जवळ. म्हणून तेथे माल साठला आणि जागा महागली. भाडे जमिनीचे असते, उंचीचे नव्हे. ६०० पोती दहाच्या थप्पीने लावली तर ६० पोत्यांची जमीन लागते. पंधराच्या थप्पीने ४० पोत्यांची. तिसरा हिस्सा जागा वाचली! परंतु वरची पोती आपण होऊन चढत नाहीत. शंभर किलोचे ओझे घेऊन हमाल पोत्यांच्याच पायऱ्यांवरून वर चढे. तळाचा जुना माल आधी काढायचा झाला, की सारी थप्पी पालटावी लागे. भाड्यात वाचलेला पैसा असा हमालाच्या कण्यातून वसूल होई.

ही वसुली वहीत का दिसली नाही? हमाल सकाळी एका पेढीवर, दुपारी दुसऱ्या पेढीवर; मजुरी नगावर, तीही टोळीच्या मुकादमामार्फत. मग त्याचा मालक कोण? गिरणीकामगाराला मिळणारा फंड आणि रजा त्याला मिळेना, कारण कायद्याला त्याचा मालकच सापडत नव्हता.

अण्णासाहेब पाटलांनी माथाडींची चळवळ उभी केली आणि १९६९ साली महाराष्ट्रात माथाडी कायदा झाला. त्याने तोड काढली ती अशी: धंद्यावार मंडळे नेमावीत, हमालांची व पेढ्यांची तेथे नोंद व्हावी, आणि पेढीने मजुरी व तिच्यावरची लेव्ही मंडळात भरावी. फंड, रजेचा पगार, औषधपाणी यांची सोय त्या लेव्हीतून होऊ लागली. हमालाच्या झिजेचे खाते वहीत प्रथमच उघडले.

ओझ्याचा प्रश्न मात्र रेंगाळला. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने १९६७ साली प्रौढ पुरुषासाठी ५५ किलोंची मर्यादा सुचविली. ओझ्याविषयीच्या त्याच वर्षीच्या कराराला भारताने मान्यता दिली ती २०१० साली. मध्ये ४३ वर्षे गेली.

आम्ही व्यापाराचे वैरी नाही. यंत्राने ओझे उचलले तर आम्हांला आनंदच आहे. मात्र रिकाम्या झालेल्या हातांना दुसरे काम द्यावे. वखार पाहायला जाल तेव्हा भाडे जरूर विचारा. पण थप्पी किती उंच आहे आणि ती कोणी रचली, हेही विचारा.