ओमा, १५ ऑगस्ट १९९८ : स्फोट झाला, करार टिकला

उत्तर आयर्लंडच्या टायरोन परगण्यातील ओमा हे बाजारपेठेचे गाव. १५ ऑगस्ट १९९८, शनिवार. शाळा उघडण्यापूर्वीच्या खरेदीसाठी दुकानांत मायलेकरांची गर्दी होती. दुपारी अडीचनंतर बॉम्बचा इशारा देणारे तीन दूरध्वनी आले. त्यांत न्यायालयाचा आणि ‘मेन स्ट्रीट’चा उल्लेख होता. ओमात मेन स्ट्रीट नावाचा रस्ताच नाही.

पोलिसांनी न्यायालयाभोवतालचा भाग रिकामा करून लोकांना उताराने खाली मार्केट स्ट्रीटकडे नेले. सुमारे सव्वादोनशे किलो स्फोटकांनी भरलेली, चोरलेली मोटार नेमकी तेथेच उभी होती. ३ वाजून १० मिनिटांनी स्फोट झाला. २९ माणसे दगावली. त्यांतील एका गर्भवती स्त्रीच्या पोटात जुळी होती. दोनशेहून अधिक जखमी झाले. मृतांत कॅथलिक होते, प्रॉटेस्टंट होते आणि सहलीला आलेले दोन स्पॅनिश पाहुणेही होते.

हे कृत्य ‘रिअल आयआरए’चे. शांतता-वाटाघाटींना विरोध करून १९९७ च्या अखेरीस मूळ आयआरएतून फुटलेला हा गट. १० एप्रिल १९९८ चा ‘गुड फ्रायडे करार’ उधळून लावणे हा त्याचा हेतू.

हा हेतू वेडगळ नव्हता, कारण त्याला ताजा दाखला होता. ९ फेब्रुवारी १९९६ रोजी मूळ आयआरएने लंडनच्या डॉकलंड्स भागात स्फोट घडवला. त्यात दोघे मेले, सतरा महिन्यांची शस्त्रसंधी संपली आणि त्या वर्षी सुरू झालेल्या सर्वपक्षीय चर्चेची दारे शिन फेन पक्षाला बंद राहिली. दोन बळींच्या स्फोटाने जे साधले, ते २९ बळींच्या स्फोटाने का साधू नये?

याचे उत्तर २२ मे १९९८ च्या सार्वमतात सापडते. आयरिश प्रजासत्ताकवाद्यांतील कडवे लोक आपल्या बंदुकीचा अधिकार १९१८ च्या निवडणुकीतून सांगत. फाळणीपूर्वी संपूर्ण आयर्लंडने दिलेला तो अखेरचा कौल, आणि त्यात १०५ पैकी ७३ जागा शिन फेनच्या. मे १९९८ मध्ये बेटाच्या दोन्ही भागांनी एकाच दिवशी मत दिले : उत्तरेत ७१ टक्के, दक्षिणेत ९४ टक्के कराराच्या बाजूने. ‘आम्ही आयरिश जनतेच्या वतीने लढतो’ या दाव्याखालची जमीनच त्या दिवशी सरकली होती. ओमाचा बॉम्ब ब्रिटिश सत्तेविरुद्ध असल्याचे त्याच्या कर्त्यांनी कितीही म्हटले, तरी तो त्या मतदारांविरुद्ध होता, आणि त्यांनी तसाच तो ओळखला.

म्हणूनच पुढच्या घडामोडी उलट्या दिशेने गेल्या. एरवी असे शब्द जपून वापरणाऱ्या जेरी अॅडम्स यांनी स्फोटाचा निःसंदिग्ध धिक्कार केला. आठवड्याभरात आयएनएलए या दुसऱ्या सशस्त्र गटाने शस्त्रसंधी जाहीर केली. सप्टेंबरात खुद्द रिअल आयआरएने. १ सप्टेंबरला अॅडम्स यांनी हिंसा आता भूतकाळात जमा व्हावी, असे जाहीर केले आणि १० सप्टेंबरला युनियनवादी नेते डेव्हिड ट्रिंबल प्रथमच त्यांच्याशी समोरासमोर बोलले. (हस्तांदोलन मात्र झाले नाही.)

ओमानेच शांतता वाचवली, असे म्हणण्याची प्रथा पडली आहे; ती अतिशयोक्ती आहे. शस्त्रे खाली ठेवण्याचा प्रश्न जसाच्या तसा राहिला. संयुक्त मंत्रिमंडळ डिसेंबर १९९९ मध्ये आले, दोन-अडीच महिन्यांत स्थगितही झाले, आणि आयआरएचे निःशस्त्रीकरण पुरे व्हायला २००५ उजाडले. शोकाने ही भांडणे मिटवली नाहीत. बंदुकीकडे परतण्याची वाट तेवढी लाजिरवाणी केली.

ओमाच्या कुटुंबांच्या हाती मात्र फार थोडे लागले. २००१ मध्ये पोलीस लोकपालांच्या अहवालाने तपासावर कठोर ताशेरे ओढले. या हत्यांसाठी फौजदारी न्यायालयात आजवर एकही आरोपी दोषी ठरलेला नाही. २००९ मध्ये कुटुंबांनीच चालवलेल्या दिवाणी दाव्यात चार जणांना जबाबदार धरले गेले. स्फोट टाळता आला असता का, हे तपासणारी सार्वजनिक चौकशी ब्रिटिश सरकारने २०२३ मध्ये जाहीर केली.