तुझं नाव यादीत आहे का?

२०२४ च्या लोकसभेला मी मत दिलं नाही. कारण सांगायला लाज वाटते, म्हणून आधीच सांगून टाकते. माझं नाव परभणीच्या यादीत, मी पुण्यात. २६ एप्रिलला, शुक्रवारी, तिकडे मतदान होतं आणि त्याच रात्री आमचं रिलीज होतं. सुट्टी मागितली असती तर मिळाली असती. मी मागितलीच नाही. आईला फोन केला तर ती म्हणाली, “नाहीतरी तू ज्याला देणार तो काही येत नाही. एवढ्या उन्हात कशाला धावतपळत येतेस?” मला तेवढंच ऐकायचं होतं.

त्याच वर्षी नेटफ्लिक्सवर ‘शर्ली’ नावाचा सिनेमा आला होता. मी तो बघितला जेवता जेवता, अर्धं लक्ष फोनमध्ये ठेवून. शर्ली चिझम या अमेरिकेच्या संसदेत निवडून गेलेल्या पहिल्या कृष्णवर्णीय बाई. १९७२ मध्ये त्या डेमोक्रॅटिक पक्षाकडून राष्ट्राध्यक्षपदाच्या उमेदवारीसाठी उभ्या राहिल्या, त्याची ही गोष्ट. पण माझ्या डोक्यात अडकून राहिली ती त्यातली कॉलेजातली एक मुलगी. ती खरीच होती. तिच्याविषयी वाचत गेले आणि जेवण गार झालं.

बार्बरा ली तिचं नाव. वय २५. कॅलिफोर्नियातल्या ओकलंडमध्ये मिल्स कॉलेजात शिकत होती. दोन लहान मुलं, नवरा नाही, घर सरकारी मदतीवर चाललेलं. मुलांना सांभाळायला कोणी नसलं की त्यांना घेऊनच वर्गात बसायची. त्या सत्रात तिच्या एका विषयाची अट होती की राष्ट्राध्यक्षपदाच्या कुठल्यातरी इच्छुकाच्या प्रचारात प्रत्यक्ष काम करायचं. बार्बरानं ठरवून टाकलं होतं, नापास झाले तरी चालेल, पण हे करणार नाही. मॅक्गव्हर्न, मस्की, हम्फ्री यांच्यातला एकही तिला आपला वाटत नव्हता. मतदार म्हणून तिनं नावही नोंदवलं नव्हतं.

कॉलेजातल्या कृष्णवर्णीय विद्यार्थी संघटनेची ती अध्यक्ष होती. तिनंच चिझमना भाषणाला बोलावलं. बाई स्वतः राष्ट्राध्यक्षपदासाठी उभ्या आहेत हे तिला त्या दिवशी कळलं. भाषण संपल्यावर ती पुढं गेली, आपल्या त्या विषयाचं सांगितलं आणि मदत करायची इच्छा दाखवली. चिझमनी तिला उलट विचारलं, तू मतदार म्हणून नाव नोंदवलंयस का? नाही, म्हणाली ती. मग आधी ते कर, असं बाईंनी बजावलं.

इथं मी सिनेमा थांबवला होता. प्रश्न मला विचारल्यासारखा वाटला.

आता थोडं मागं जाऊ. आपल्याकडे तिकीट कोणाला द्यायचं हे पक्षाचे वरिष्ठ ठरवतात; सकाळी यादी येते आणि दुपारपर्यंत बंडखोरी होते. अमेरिकेतही बराच काळ यापेक्षा फार वेगळं नव्हतं. प्रायमरी म्हणजे पक्षाचा उमेदवार निवडण्यासाठी मतदारांनीच मतदान करायचं. अशा निवडणुका काही राज्यांत होत, पण खरा सौदा पुढारीच करत. १९६८ मध्ये ह्युबर्ट हम्फ्री एकाही प्रायमरीत न उतरता डेमोक्रॅटिक पक्षाचे उमेदवार झाले. शिकागोच्या अधिवेशनाबाहेर व्हिएतनाम युद्धाला विरोध करणाऱ्या तरुणांना पोलिसांनी झोडपून काढलं. त्या लाजेतून पक्षानं नियम बदलले आणि १९७२ ही नव्या नियमांची पहिली निवडणूक ठरली. शिवाय १९७१ मध्ये घटनादुरुस्ती होऊन मतदानाचं वय २१ वरून १८ वर आलं होतं. म्हणजे दार पहिल्यांदाच जरा किलकिलं झालं होतं. चिझमनी ते ढकललं.

२५ जानेवारी १९७२ रोजी ब्रुकलिनमधल्या एका चर्चमध्ये त्यांनी उमेदवारी जाहीर केली. मी कृष्णवर्णीय आहे आणि त्याचा मला अभिमान आहे, पण मी फक्त कृष्णवर्णीयांची उमेदवार नाही. मी बाई आहे, त्याचाही अभिमान आहे, पण मी फक्त स्त्री चळवळीची उमेदवार नाही. मी अमेरिकेच्या जनतेची उमेदवार आहे, असा त्या भाषणाचा गाभा होता. ऐकायला छान. प्रत्यक्षात झालं उलटंच. बऱ्याच कृष्णवर्णीय पुढाऱ्यांना राग आला, कारण एका बाईनं त्यांना न विचारता पाऊल टाकलं होतं. चळवळीतल्या अनेक बायकांना त्या आवडायच्या, पण जिंकू शकणारा पुरुष त्यांना जास्त उपयोगाचा वाटत होता. आवडता उमेदवार एक आणि मत दुसऱ्याला, हा हिशेब तेव्हाही होता.

पैसा तर नव्हताच. सगळ्या मोहिमेचा खर्च सुमारे ३ लाख डॉलर, त्यातही बाईंच्या खिशातले बरेच. हम्फ्री आणि मॅक्गव्हर्न यांच्या टीव्हीवर चर्चा ठरल्या, तेव्हा चिझमना बोलावणं नव्हतं. त्यांना टीव्हीवर वेळ मिळाला तो न्यायालयात भांडून. उत्तर कॅलिफोर्नियातला प्रचार बार्बरासारखी मुलं सांभाळत होती. कॉलेजच्या वर्गातून, अभ्यासाचा भाग म्हणून!

मग मे महिन्यात बार्बराची परीक्षा झाली. कॉलेजातली नव्हे.

जॉर्ज वॉलेस हे अलाबामाचे गव्हर्नर. वर्णभेद कायम राहिलाच पाहिजे, असं शपथविधीच्या भाषणात ठणकावणारे. १९६३ मध्ये कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांना अडवायला विद्यापीठाच्या दारात जाऊन उभे राहिलेले. तेही याच उमेदवारीच्या शर्यतीत होते आणि मतंही भरपूर घेत होते. १५ मे रोजी मेरीलँडमध्ये प्रचार करताना त्यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या. ते वाचले, पण कमरेखाली कायमचे लुळे झाले. आणि शर्ली चिझम त्यांना भेटायला हॉस्पिटलमध्ये गेल्या.

बार्बरा भडकली. का भडकणार नाही? ज्या माणसानं तिच्या लोकांना दारात अडवलं, त्याच्या खाटेपाशी तिची उमेदवार! मोहीम सोडून द्यावी इथपर्यंत तिच्या मनात आलं, असं तिनं पुढं अनेकदा सांगितलंय. तिनं बाईंना जाब विचारला. बाईंनी तिला लहान पोरीला झापावं तसं झापलं. शेवटी आपण सगळी माणसंच आहोत, आणि मी त्याला काही शिकवू शकले, त्याचे डोळे उघडू शकले तर का नको, असं त्यांचं म्हणणं होतं.

मला हे अजूनही पूर्ण पटलेलं नाही. मी बार्बराच्या जागी असते तर ग्रुप सोडला असता, आणि वर एक लांबलचक मेसेज टाकला असता. ती मात्र थांबली. आपल्या उमेदवाराचं सगळंच पटायला हवं असं नसतं, हे ती तिथं शिकली असावी. पुढं १९७४ मध्ये घरकाम करणाऱ्यांना किमान वेतन देणारी कायदेदुरुस्ती झाली, तेव्हा दक्षिणेकडच्या खासदारांची मतं मिळवायला वॉलेसनी मदत केली, असं चिझम सांगत. चिझम यांची आई लोकांच्या घरी काम करायची.

६ जूनला कॅलिफोर्नियाचं मतदान झालं. आता माझ्यातली इंजिनिअर जागी होते. नियम असा होता की राज्यात जो पहिला येईल, त्याला राज्याचे सगळेच्या सगळे २७१ प्रतिनिधी. मॅक्गव्हर्नना साधारण ४४ टक्के मतं पडली, प्रतिनिधी २७१. हम्फ्रींना ३९ टक्के, प्रतिनिधी शून्य. चिझमना दीड लाखाहून जास्त मतं, साडेचार टक्क्यांच्या आतबाहेर. प्रतिनिधी अर्थातच शून्य. एवढी माणसं रांगेत उभी राहिली आणि आउटपुटमध्ये त्यांचा मागमूस नाही. या नियमावरून अधिवेशनात मोठं भांडण झालं, पण नियम तसाच टिकला.

जुलैमध्ये मायामी बीचला अधिवेशन भरलं. बार्बराही गेली होती. ओकलंडचे खासदार रॉन डेलम्स चिझमच्या बाजूनं होते, ते ऐन वेळी मॅक्गव्हर्नकडे गेले. हम्फ्रींनी माघार घेतली आणि आपल्या कृष्णवर्णीय प्रतिनिधींना चिझमना मत द्यायची मोकळीक दिली. मोजणी झाली तेव्हा उमेदवारीसाठी लागणारा आकडा होता १५०९. मॅक्गव्हर्न १७०० च्या पुढं. चिझम १५२.

वाया गेली ना मतं? थांबा. नोव्हेंबरमध्ये काय झालं ते बघा. ज्याला मत दिलं तर ‘वाया जाणार नाही’ असं शहाणे लोक म्हणत होते, त्या मॅक्गव्हर्नना निक्सननी ५० पैकी ४९ राज्यांत हरवलं. हिशेबी मत देणाऱ्यांच्या हाती मॅसॅच्युसेट्स आणि राजधानी वॉशिंग्टन, एवढंच लागलं.

आणि नियम? पहिल्याला सगळं देणारी ती पद्धत डेमोक्रॅटिक पक्षानं नंतर टप्प्याटप्प्यानं मोडीत काढली. प्रतिनिधी मतांच्या प्रमाणात वाटायला लागले. २००८ मध्ये कॅलिफोर्निया आणि न्यूयॉर्क हिलरी क्लिंटननी जिंकले, तरी तिथूनही ओबामांना प्रतिनिधी मिळत राहिले आणि उमेदवारी त्यांच्याकडे गेली. एक कृष्णवर्णीय पुरुष आणि एक बाई, त्या वर्षी शर्यत या दोघांतच होती. हे एकट्या चिझममुळे झालं असं म्हणणं भाबडेपणाचं होईल. आजच्या नियमातही १५ टक्क्यांच्या खालच्याला काही मिळत नाही. त्यांचे साडेचार टक्के आजही शून्यच ठरले असते. पण कोणीतरी आधी करून दाखवायला हवं होतं म्हणून मी उभी राहिले, असं त्या म्हणत. २००५ च्या १ जानेवारीला त्या गेल्या. २००८ त्यांनी पाहिलं नाही. २०१५ मध्ये ओबामांनी त्यांना मरणोत्तर ‘प्रेसिडेन्शियल मेडल ऑफ फ्रीडम’ दिलं.

बार्बराचं काय झालं? त्या विषयात तिला ‘ए’ मिळाला. पुढं तिनं त्याच डेलम्स यांच्याकडे काम केलं, आणि १९९८ मध्ये त्यांच्या जागी निवडून गेली. १४ सप्टेंबर २००१ रोजी, न्यूयॉर्कवरच्या हल्ल्याला तीनच दिवस झाले असताना, राष्ट्राध्यक्षांना लष्करी बळ वापरायचे मोकळे अधिकार देणारा ठराव प्रतिनिधीगृहात आला. बाजूनं ४२०, विरोधात १. ते एक मत बार्बरा ली यांचं. त्यांना धमक्या आल्या, पोलीस संरक्षण घ्यावं लागलं. हरणार हे माहीत असलेलं मत कसं द्यायचं, याची सवय त्यांना २५ व्या वर्षीच लागली होती, असं मला वाटतं. २०२५ मध्ये त्या ओकलंडच्या महापौर झाल्या.

मी हे सगळं आईला फोनवर सांगितलं. तिनं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, “मग ती बाई शेवटी आली का निवडून?” नाही, म्हटलं. “मग?”

या ‘मग’चं नीट उत्तर माझ्याकडे नाही. निवडून येणाऱ्यालाच मत द्यायचं असेल तर मतदानाची गरजच काय, अंदाज पुरेत, एवढं तिला म्हणाले. ती हसली. “बरं, मग पुढच्या वेळी ये उन्हात.”

त्या रात्री मी फॉर्म ८ भरला, पत्ता बदलून नाव पुण्याच्या यादीत घ्यायचा. फोनवर पंधरा-वीस मिनिटं लागली, त्यातली निम्मी फोटो लहान करण्यात. मी ज्याला देईन तो पुण्यातही बहुधा पडेल. पडू दे.

तुझं नाव कुठल्या यादीत आहे?