मेदविषयक संज्ञांचा इतिहास

नवा पदार्थ सापडला की त्याला नाव दिले जाते. ते देताना शोधकाचा तर्कही नावात मिसळतो. आणि तर्क पुढे ढासळला तरी नाव मागे उरते. उदरस्थ मेद आणि इन्सुलिन यांच्या संबंधाचा इतिहास या दृष्टीने उद्बोधक आहे.

इन्सुलिनची उणीव म्हणजे मधुमेह, ही समजूत रूढ असताना १९३६ साली लंडनचे हॅरल्ड हिम्सवर्थ यांनी इन्सुलिनला दाद देणारे व न देणारे असे मधुमेही रुग्णांचे दोन वर्ग केले. १९४७ मध्ये मार्सेयचे झाँ वाग यांनी स्थूलतेचे 'पुरुषी' व 'स्त्रैण' असे प्रकार मानले. पहिल्यात मेद शरीराच्या वरच्या भागात साठतो, दुसऱ्यात नितंब व मांड्यांवर; आणि मधुमेहाशी निकटचा संबंध पहिल्याचाच, असे त्यांचे प्रतिपादन होते. १९६० मध्ये यॅलो व बर्सन यांनी रक्तातील इन्सुलिन प्रत्यक्ष मोजले, तेव्हा प्रौढपणी मधुमेह जडलेल्या अनेकांत ते उणे नसल्याचे आढळले. १९८८ साली जेराल्ड रीव्हन यांनी इन्सुलिन-प्रतिरोधाशी निगडित विकारसमूहास 'सिंड्रोम एक्स' म्हटले. अज्ञाताचे अक्षर योजणारी ही संज्ञा प्रामाणिक होती.

तोवर मेद म्हणजे ऊर्जेचे कोठार, एवढाच समज प्रबळ होता. १९९४ मध्ये लेप्टिनचा शोध लागला आणि मेदपेशी संप्रेरके स्रवतात, हे सर्वमान्य होऊ लागले. पुढील वर्षी आढळलेले अ‍ॅडिपोनेक्टिन इन्सुलिनच्या कार्यास साहाय्य करते. परंतु उदरस्थ मेद वाढला की त्याचे रक्तातील प्रमाण घटते.

नावांची घाई येथूनच दिसू लागते. 'लेप्टिन' हे नाव 'बारीक' या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून घडले. पण बहुतेक स्थूल व्यक्तींच्या रक्तात लेप्टिन विपुल असते. २००१ मध्ये उंदरांवरील प्रयोगांतून 'रेझिस्टिन' हे नाव आले. त्यात इन्सुलिनच्या प्रतिरोधाचा अर्थ अभिप्रेत होता. मानवात मात्र ते मुख्यतः मेदपेशींतून नव्हे, तर भक्षकपेशींतून येते, आणि त्याचे कार्य उंदरांतल्याइतके स्पष्ट नाही. २००५ मधील 'व्हिस्फॅटिन' या नावात उदरस्थ मेदाचाच निर्देश होता. ते इन्सुलिनसारखे कार्य करते असे सांगणारा निबंध २००७ मध्ये मागे घेण्यात आला. नाव मात्र वापरात राहिले.

आपली स्वतःची शब्दसंपत्तीही या दोषापासून मुक्त नाही. चरकसंहितेत प्रमेही रुग्णांचे स्थूल व कृश असे दोन प्रकार आहेत, आणि हेच द्वंद्व आजही आपल्या बोलण्यात आहे. पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक व त्यांचे सहकारी यांनी २००३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात पुण्यानजीकच्या खेड्यांतील नवजात बालकांचे सरासरी वजन २.७ किलो, तर इंग्लंडमधील साउदॅम्प्टनच्या बालकांचे ३.५ किलो होते. आपल्या बालकांत स्नायू पुष्कळच कमी होते. मेद मात्र त्या मानाने टिकून होता. देह कृश, पण मेदाने युक्त: अशा अवस्थेस स्थूल म्हणता येत नाही आणि नुसते कृश म्हणणे फसवे ठरते. ज्याला भाषेत नाव नाही, त्या धोक्याची शंका रुग्णास येत नाही आणि वैद्यासही उशिरा येते.

मराठी परिभाषा घडवताना यातून एक नियम निघतो. 'उदरस्थ मेद', 'इन्सुलिन-प्रतिरोध' या संज्ञा दिसणाऱ्या वस्तुस्थितीचे वर्णन करतात, म्हणून त्या स्वीकारार्ह होत. 'रेझिस्टिन'चा मात्र 'प्रतिरोधक' असा अनुवाद करू नये. ते नाव ध्वनिरूपानेच घ्यावे. अन्यथा परक्या भाषेत नावाआड दडलेला अपुरा तर्क मराठीत सिद्धान्त म्हणून शिकवला जाईल.