गुणाकार, बेरीज आणि विलंब: ध्वनिसंस्करणाचे पहिले पाठ

आवाजावर काम करणारा प्रोग्राम लिहायला बसलेला नवशिक्या बहुधा दोनपैकी एका ठिकाणी अडतो. तो फूरियरच्या समीकरणांत गुंतून पडतो, नाहीतर तयार लायब्ररी उचलतो. मग आवाज बदलतो खरा, पण का बदलला ते सांगता येत नाही. हे टाळता येते, कारण या शास्त्राचा पाया अगदी मोजक्या क्रियांवर उभा आहे. त्या कोणत्या, त्यांनी काय साधते आणि त्या कुठे अपुऱ्या पडतात, एवढाच येथे विषय आहे.

उदाहरणासाठी अंदर मावळातल्या टाकवे बुद्रुकची आषाढातली एक रात्र कल्पू. पत्र्याखाली भजन रंगले आहे, वर पाऊस कोसळतो आहे आणि कोणी मोबाइलवर रेकॉर्डिंग केले आहे. पखवाज, टाळ, पेटी, गळा आणि पत्रा, सगळे एकाच फाइलमध्ये.

1. आकड्यांची रांग

संगणकाला यातले काहीच ऐकू येत नाही. त्याच्यापुढे आकड्यांची रांग असते: सेकंदाला 44,100 नमुने, आणि 16 बिटांच्या फाइलमध्ये प्रत्येक नमुन्याला 65,536 पायऱ्यांपैकी एक. या वेगाने 22,050 हर्ट्झपर्यंतचेच कंप नोंदता येतात. त्यावरचे आधीच गाळले नाहीत, तर ते सोंग घेऊन खाली उतरतात. 30,000 हर्ट्झचा कंप 14,100 हर्ट्झचा म्हणून उमटतो. म्हणून पहिला पाठ साधा असावा. पायथनमध्ये एका स्वराची रांग स्वतः तयार करावी, फाइलमध्ये लिहावी आणि ऐकावी.

2. तीन क्रिया

रांगेला 0.5 ने गुणले की पातळी 6 डेसिबलने उतरते. दोन रांगा बेरजेने मिसळतात. तिसरी क्रिया विलंबाची, म्हणजे मागचा आकडा लक्षात ठेवण्याची. नेहमीच्या वापरातले रेषीय फिल्टर या तिघींतूनच घडतात.

सर्वांत सोपा फिल्टर म्हणजे आताचा आणि मागचा नमुना यांची सरासरी. पखवाजाच्या कणीक लावलेल्या पुडीचा 100 हर्ट्झच्या आसपासचा घुमार यातून जवळजवळ जसाच्या तसा पार होतो. 11,025 हर्ट्झला पातळी 3 डेसिबलने घटते आणि 22,050 ला शून्य होते. भजनाच्या फाइलवर हा चालवला की पत्र्यावरची तडतड थोडी बसते, पण टाळांची किणकिणही बसते. फिल्टरला कंपसंख्या कळते. आवाज पावसाचा की टाळाचा, हे कळत नाही. पाऊस काढायचा असेल तर दोघांत कंपसंख्येपलीकडे काय फरक आहे, ते आधी शोधावे लागते.

विलंब बाहेर पडणाऱ्या आकड्यावर लावला की प्रतिपोषण होते. नव्या नमुन्याचा 0.1 भाग आणि मागच्या उत्तराचा 0.9 भाग मिळवला, तर सुमारे 740 हर्ट्झच्या वरचे स्वर दबू लागतात. सरासरीपेक्षा कितीतरी कडक फिल्टर एका ओळीत तयार होतो. त्या 0.9 च्या जागी चुकून 1.01 पडले, तर 1,000 नमुन्यांत, म्हणजे 23 मिलिसेकंदांत, आकडा सुमारे 21,000 पट फुगतो. नवा प्रोग्राम प्रथम चालवताना हेडफोन कानावर नसावा, तो यासाठी.

3. खिडकी

1965 मध्ये कूली आणि टुकी यांनी मांडलेल्या जलद फूरियर पद्धतीने रांगेतले स्वर वेगळे दिसतात, पण त्याची किंमत मोजावी लागते. खिडकी म्हणजे एका वेळी तपासायचा रांगेचा तुकडा, आणि घर म्हणजे तिच्यातून वेगळा दिसणारा कंपसंख्येचा सर्वांत लहान पट्टा. 1,024 नमुन्यांची खिडकी 23 मिलिसेकंदांची असते आणि तिचे घर 43 हर्ट्झ रुंद. खर्जात पेटीची पांढरी एक 130.8 आणि काळी एक 138.6 हर्ट्झला. दोन्ही एकदम दाबल्या तर ही खिडकी त्यांना वेगळे करू शकत नाही. 16,384 नमुने घेतले तर घर 2.7 हर्ट्झवर येते, पण खिडकी 372 मिलिसेकंदांपर्यंत लांबते आणि द्रुत लयीतले पखवाजाचे बोल एकमेकांत मिसळतात. स्वर नेमका हवा की क्षण नेमका हवा, हे आधी ठरवावे लागते.

4. आकड्यांतून तार

तिन्ही क्रिया एकत्र आल्या की काय घडते, ते केविन कार्प्लस आणि अ‍ॅलेक्झांडर स्ट्राँग यांच्या 1983 च्या पद्धतीत दिसते. 318 वाटेल ते आकडे रांगेत मांडावेत. पहिला बाहेर काढून वाजवावा. त्याची आणि त्याच्या पुढच्याची सरासरी शेवटी जोडावी, आणि हेच करत राहावे. सुरुवातीचा खरखराट क्षणात विरतो आणि छेडलेल्या तारेचा, जवळजवळ काळी एकचा, स्वर उमटतो. सरासरी उंच उपस्वरांना आधी मारते. खऱ्या तारेतही तेच आधी विझतात.

5. मर्यादा

तरीही हा मिरजेचा तंबोरा नव्हे. आदर्श तार मधोमध छेडली तर सम क्रमांकांचे उपस्वर निघू नयेत. पण तंबोऱ्यात, जिथे छेडल्यावर जो उपस्वर नसायला हवा, तोही हजर असतो, असे चंद्रशेखर वेंकट रामन यांनी 1921 मध्ये दाखवले. घोडीचा वक्र माथा आणि तारेखाली सरकवलेला दोरा, म्हणजे जीव, यांमुळे तार कंप पावताना घोडीला पुन्हा पुन्हा स्पर्शते, आणि त्यातून उपस्वरांत ऊर्जा जाते. ही वागणूक रेषीय नाही. ती लिहायला 'तार टेकली तर' अशी अटच घालावी लागते.

म्हणून शिकण्याचा क्रम असा ठेवावा: रांग, सरासरी, प्रतिपोषण, तार, मग फूरियर आणि शेवटी अरेषीय वाद्ये. प्रत्येक टप्प्यावर आधी कागदावर अंदाज बांधावा, मग ऐकावे. अंदाज आणि कान जुळेपर्यंत तयार लायब्ररीला हात लावू नये; जुळल्यावर मात्र तीच कामे पुन्हा हाताने लिहिण्यात वेळ घालवू नये.